लांबच्या विमानप्रवासात शेजाऱ्याला सीट बदलून मागणं बरं दिसतं का?

मागायला काहीच हरकत नाही. फक्त बदल्यात काय देताय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

तुमचे आई-वडील निपाणीहून मुंबईला जाऊन तिथून पहिल्यांदाच अमेरिकेला तुमच्या भावाकडं निघालेत. वडिलांना ३१ सी मिळालीय, आईला ३८ ई. विमानात कुणाला विनंती करून त्यांना एकत्र बसता येईल का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि उद्या कुणी तुमच्याकडंच पैसे भरून घेतलेली खिडकीची सीट मागितली तर ती द्यावीच लागते का, हा दुसरा.

बेळगावात माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या बाजूचे, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला परदेशी निघालेले आई-वडील हेच माझं मोठं गिऱ्हाईक. त्यामुळं सीटांवरनं झालेले रुसवेफुगवे मी विमानात बघितले त्यापेक्षा माझ्या टेबलासमोर बसून जास्त ऐकलेत.

आपल्याकडं स्टँडवर लाल गाडी लागायच्या आतच खिडकीतून टॉवेल टाकला की ती जागा आपली. वर 'जरा सरका की पाव्हणं' म्हटलं की तिघांच्या बाकड्यावर चौथाही मावतो. विमानातली सीट मात्र माणसाच्या नावावर असते, आणि बऱ्याचदा तिचे त्यानं वेगळे पैसे मोजलेले असतात. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आधी दुसऱ्याच्या सीटवर बसून घ्यायचं आणि तो आला की विचारायचं. तो बिचारा बॅग घेऊन उभा, त्याच्या मागं अख्खी रांग तुंबलेली, सगळे त्याच्याकडं बघतायत. अशा वेळी तो 'हो' म्हणाला तरी ते मनापासून नसतं. म्हणून आधी आपापल्या सीटवर बसायचं आणि मग विचारायचं.

आता देण्याघेण्याचं. बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानात साध्या वर्गात बहुतेक ठिकाणी तीन-चार-तीन अशा सीटा असतात. खिडकीला मान आहे, वाटेकडच्या सीटलाही मान आहे, मधल्या सीटला कुणी विचारत नाही. तुमच्या वडिलांची ३१ सी वाटेकडची आहे, म्हणजे त्यांच्या हातात चांगलं नाणं आहे. आईची ३८ ई चारांच्या मधली. तेव्हा आईला तिथंच ठेवायचं आणि वडिलांनी मागं जाऊन आईच्या शेजाऱ्याला स्वतःची सीट द्यायची. ३८ एफवर बसलेला माणूस मधल्या सीटवर अडकलेला असतो. त्याला वाटेकडची मिळतेय म्हटल्यावर तो एकटा असला तर बहुधा लगेच उठेल. पण मग आई-वडील दोघंही मधल्या सीटवर, आणि बाथरूमला जायचं तर दर वेळी तिसऱ्याला उठवायचं. त्यापेक्षा ३८ डीवाल्याला आधी विचारावं. त्याला वाटेकडच्या बदल्यात वाटेकडचीच मिळते, वर सात रांगा पुढं, म्हणजे उतरताना तेवढीच घाई वाचते. तो नाही म्हणाला तर एफ आहेच.

उलटा सौदा करू नका. म्हणजे वडिलांच्या शेजारी ३१ बीवर बसलेल्याला 'तुम्ही मागं ३८ ई वर जा' म्हणणं. मधलीच्या बदल्यात मधलीच, तीही मागची. त्याची बायको खिडकीला असली तर एक जोडपं जोडायला दुसरं तोडताय.

चिकोडीकडचे एक निवृत्त गुरुजी आमच्याकडून तिकीट काढून गेले होते. गुडघ्याचं दुखणं आणि साखर, म्हणून मुद्दाम जादा पैसे भरून वाटेकडची सीट घेतलेली, आणि डायबेटिक जेवण आधी सांगून ठेवलेलं. विमानात एक बाई म्हणाल्या, 'तुम्ही आपले मराठीच दिसताय, तेवढं ॲडजस्ट करा की.' गुरुजींना नाही म्हणवेना. ते जाऊन चारांच्या मधल्या सीटवर बसले. तासाभरानं जेवण आलं, ते यादीप्रमाणं त्यांच्या जुन्या सीटवर गेलं आणि तिथं खाल्लंही गेलं. परत आल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि शेवटी राग कुणावर काढला? माझ्यावर! असो. खास जेवण मागवलेलं असलं तर सीट बदलल्या बदलल्या केबिन क्रूला सांगायचं, कारण त्यांच्या कागदावर तुमची ओळख म्हणजे सीट नंबर. आणि विषय निघालाच आहे तर, बऱ्याच विमान कंपन्यांच्या यादीत 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नसतं. त्यात बीफ नसतं एवढंच, चिकन-मटण असू शकतं. घरचे माळकरी असतील तर 'एशियन व्हेजिटेरियन' सांगून ठेवा.

यावरनं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलंच. द्यावी लागत नाही. 'सॉरी, मला हीच सीट लागणार आहे,' एवढंच बोलायचं. कारण सांगत बसू नका. कारण सांगितलं की समोरचा ते खोडायला बसतो. आपली माणसं नकार देताना अपराध्यासारखं तोंड करतात, त्याची काही गरज नाही. आणि मागणाऱ्यानंही एकदाच विचारावं. पहिल्या 'नाही'वर थांबायचं, दुसऱ्याला पाठवून पुन्हा विचारायचं नाही.

लहान मुलाची गोष्ट मी वेगळी धरतो. मूल एकीकडं आणि आई-बाप दुसरीकडं पडले असतील तर मी खिडकीसुद्धा सोडीन. खरं तर ती वेळच येऊ नये. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, विमान कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असलेल्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची. नवरा-बायकोंचं म्हणाल तर चाळीस वर्षं संसार केलेली माणसं मुंबई ते दुबई तीन तास वेगळी बसली म्हणून काही बिघडत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क पंधरा-सोळा तास, एकालाच इंग्रजी येतंय आणि दोघांच्या गोळ्या एकाच पिशवीत, तेव्हा मात्र धडपड करावी.

काही सीटा दोघं राजी असले तरी बदलता येत नाहीत. इमर्जन्सी दरवाजाजवळच्या रांगेत वयस्कर, गरोदर किंवा क्रूची भाषा न समजणारा माणूस बसवत नाहीत, कारण वेळ आली तर दरवाजा त्यानंच उघडायचा असतो. मांडीवर बाळ असलेल्यांनाही वाटेल तिथं बसता येत नाही. वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क एकमेकांना लागून असलेल्या सीटांच्या प्रत्येक गटात मोजून सीटांपेक्षा साधारण एखादाच जास्त असतो, त्यामुळं दोन तान्ही बाळं अशा एका गटात सहसा चालत नाहीत. आणि आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या एटीआरसारख्या छोट्या विमानात तर वजनाचा तोल असतो. मागं चार सीटा रिकाम्या दिसल्या म्हणून उठून गेलात तर हवाई सुंदरी परत पाठवते, आणि बरोबर पाठवते. मोठ्या विमानातही सगळे चढून दरवाजा बंद होईपर्यंत रिकामी सीट रिकामी धरायची नाही. नंतर क्रूला विचारून बसा. पाय पसरायला जास्त जागा असलेल्या सीटांचे पैसे असतात, त्या सोडून.

तुमच्या आई-वडिलांच्या सीटा अशा लांब का पडल्या, याचा माझा अंदाज सांगू? भावानं दोन तिकिटं वेगवेगळी काढली असणार, कार्डावरच्या सवलतीसाठी. दोन पीएनआर म्हणजे कंपनीच्या लेखी ती दोन परकी माणसं. आजच कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून नोंद करायला सांगा. मग वेब चेक-इन सुरू झालं की (कुठं २४ तास आधी, कुठं ४८) लगेच बसून सीटांचा नकाशा बघा. ७७७ मध्ये अगदी शेवटच्या काही रांगांत विमान निमुळतं होतं, त्यामुळं कडेला तीनऐवजी दोनच सीटा असतात. बाथरूमजवळ म्हणून लोक नाकं मुरडतात, पण वयस्कर जोडप्याला त्याच्यासारखी जागा नाही. तेही नाही जमलं तर मुंबईच्या काउंटरवर रांग लागायच्या आत पोचायचं. निपाणीची रात्रीची गाडी कधी पोचते त्याचा हिशोब करून एक गाडी आधीचीच धरा.

आणि विमानात कसं मागायचं? वडिलांना इंग्रजी बोलायला जड जात असेल तर दोन ओळींची चिठ्ठी लिहून द्या: आम्ही नवरा-बायको वेगळे बसलोय, माझी ३१ सी ही वाटेकडची सीट तुम्हाला चालेल का. ती शेजाऱ्याला न दाखवता आधी क्रूला दाखवली तर आणखी बरं. ते रोज हेच करतात आणि कोण एकटा प्रवास करतोय ते त्यांना दिसत असतं.

नाहीच जमलं तर दोघांचे पासपोर्ट, बोर्डिंग पास, गोळ्या आणि चष्मे आधीपासून आपापल्या पिशवीत असू द्या. पट्ट्याचा दिवा बंद असला की वडिलांनी उठून आईकडं चक्कर मारायला कुणाची परवानगी लागत नाही.