वाचकांचे प्रश्न : रोटरी, टर्बो आणि नागपूरचा मे

प्रश्न : माझ्या ट्रॅकच्या गाडीत माझदा आरएक्स-७चं १३बी टर्बो इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं रोटरी. सध्या ३०० अश्वशक्तीच्या आसपास देतं, मला ५०० हवी. २ मिमीचे एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) काढून ३ मिमीचे टाकले की काम भागेल, असं मिस्त्री म्हणतो. खरं का? – एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : नाही. २ मिमीचं सील बारीक आहे म्हणून तुटत नाही, नॉकिंगने, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या धक्क्याने, तुटतं. पिस्टनचं इंजिन थोडी टकटक पचवतं. रोटरीत एखादा जोरकस धक्का पुरतो. सीलचा तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडा ओढत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बाइनची पातीही तोडतो. ३ मिमीसाठी रोटरची खाच मिलिंग करून रुंद करावी लागते. एकदा केली की तो रोटर २ मिमीला परत येत नाही. शिवाय जड सील वरच्या आरपीएमला हाउसिंगवर थरथरतं. आमचा सल्ला : २ मिमीच ठेवा, पण चिवट पोलादाचे घ्या. धक्का बसला तर ते वाकतात, तुकडे होत नाहीत. कॉम्प्रेशन जातं, पण हाउसिंग वाचतं. स्प्रिंगही त्याच निर्मात्याच्या घ्या. रोटरच्या कोपऱ्यातल्या कॉर्नर सीलच्या पोटातला रबरी बुच उष्णतेने कडक होतो, म्हणून तिथे भरीव कॉर्नर सील टाका.

५०० अश्वशक्तीला खरी कमजोर जागा वेगळीच आहे. दोन रोटर हाउसिंग आणि तीन बिडाच्या प्लेटा, अशी पाच कास्टिंगं लांब बोल्टांनी आवळलेली असतात. त्यांना एका रेषेत ठेवायला डॉवेल (जुळवणीच्या पिना) दोनच. टॉर्क वाढला की हा सगळा गठ्ठा पिळला जातो आणि डॉवेलभोवतीचं बीड तडकतं, बहुधा मागच्या प्लेटेत. डॉवेलजवळून तेल झिरपायला लागलं की नुसती ओ-रिंग बदलून गप्प बसू नका. प्लेट उघडून तडा शोधा.

उपाय म्हणजे जादा डॉवेल. बोल्टांची काही निवडक भोकं मोठी करून त्यात घट्ट बसणारे जाड स्टड किंवा पोकळ डॉवेल टाकतात. हे काम चौकातल्या लेथवर होत नाही. एमआयडीसीतल्या एखाद्या टूलरूममध्ये व्हीएमसीवर (संगणकी मिलिंग यंत्रावर), मूळ डॉवेलची भोकं संदर्भ धरून, प्रत्येक कास्टिंग एकाच प्रोग्रामने बोअर करून घ्या आणि शेवटचा हात रीमरचा (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराचा). सगळा गठ्ठा एकत्र बांधून लांब ड्रिल घातलं तर ते तिसऱ्या प्लेटेपर्यंत भरकटतं. बोल्ट पाण्याच्या वाटेतून जातात, हे विसरून लोक सीलिंग वॉशर जुनेच लावतात आणि मग बोल्टच्या डोक्याखालून कूलंट पाझरतं.

मूळ बोल्टना टॉर्क ३.२ ते ४.० किलोग्रॅम-मीटर, कंपनीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. स्टडला मात्र स्टडवाल्याचा आकडा. बांधण्याआधी प्लेटेवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज फिरवा : वाक ०.०४ मिमीच्या आत हवा, सीलने पाडलेली पायरी ०.१० मिमीच्या आत. जास्त असेल तर लॅपिंग (घासून सपाट करणं). शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.०४ ते ०.०७ मिमी, ०.०९च्या वर अजिबात नको. ८.५ कॉम्प्रेशनचे रोटर काढून ९.०चे टाकणार असाल, तर त्यांना जुळणारी काउंटरवेटं घेऊन बॅलन्सिंग करा.

प्रश्न : इंजिन उघडलं तेव्हा पाण्याच्या सीलची खाच गंजलेली दिसली. एम-सील भरून चालेल का? – एक वाचक, कामठी रोड

उत्तर : नको. खाचेची आतली भिंत मुळातच पातळ असते. टोकदार सुईने हलकं खरवडून पाहा. पापुद्रा सुटला किंवा तुकडा पडला तर प्लेट भंगारात. नव्या प्लेटचं हे होऊ नये म्हणून बोअरचं पाणी बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरा. नवं सील खाचेत टिकून राहावं म्हणून व्हॅसलिन लावतात, ते ठीक. थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आणि एका रोटरचा प्लग ओला, एवढं दिसलं की सील गेलंच. कॉम्प्रेशन तपासताना २५० आरपीएमला किमान ६.० किलो प्रति चौरस सेंमी आहे आणि दोन रोटरमध्ये फार फरक नाही, हे पाहा. साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून काट्याचे तीन ठोके सारखे येतात का तेही बघा. एक ठोका कमी म्हणजे त्या बाजूचं सील.

प्रश्न : डिसेंबरात ट्यूनिंग उत्तम झालं होतं. मेमध्ये बूस्ट (टर्बोचा दाब) देताच नॉकिंग. पेट्रोल तर नेहमीच्याच पंपाचं! – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : पहाटे १२ अंशांत बसवलेला मॅप (इंधन आणि स्पार्कचा तक्ता) ४५ अंशांत चालवला की असंच होणार. इंटरकूलर कितीही मोठा लावा, तो हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंटरकूलरमधून हवा बाहेर पडते त्या बाजूला बसवा आणि तापमान चढलं की बूस्ट व टायमिंग आपोआप उतरेल असा तक्ता ईसीयूत (इंजिनच्या संगणकात) भरा. चारही जागी एनजीकेचे बीयूआर९ईक्यू हे थंड प्लग लावा. प्रत्येक रोटरच्या ट्रेलिंग (मागाहून पेटणाऱ्या) प्लगचा स्पार्क लीडिंग (आधी पेटणाऱ्या) प्लगनंतर १० ते १५ अंशांनीच. बूस्टमध्ये हे अंतर घटवायचा मोह टाळा.

आता पेट्रोल. ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ नसून १३.५च्या आसपास येतं. म्हणून गेजवर एएफआर (हवा-इंधनाचा आकडा) न पाहता लॅम्डा (आदर्श प्रमाणाच्या किती पट हवा) पाहा : बूस्टमध्ये ०.७५ ते ०.७८. जुना मॅप साध्या पेट्रोलवरचा असेल तर ई-२० वर इंजेक्टरने साधारण ८ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. इंजेक्टर आधीच पूर्ण उघडे राहत असतील तर आधी ते बदला, बाकी सगळं नंतर.

मीटरिंग पंप (सीलना थोडं थोडं ऑइल देणारा) काढून टाकला असेल तर पेट्रोलच्या लिटरमागे १० मिली टू-स्ट्रोक ऑइल. पण कोणतंही ऑइल ई-२० मध्ये मिसळतंच असं नाही. काचेच्या बाटलीत दोन्ही त्याच प्रमाणात घालून, हलवून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी थर दिसला तर तो ब्रँड टाकीत घालू नका.