अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या दिव्यांगता केंद्रात नेमकं काय मिळतं?

मूल अडीच वर्षांचं, बोलत नाही, डॉक्टरांनी 'यूसेड'कडे (UCEDD, म्हणजे विद्यापीठाचं विकासात्मक दिव्यांगता केंद्र) पाठवलंय. तिथे उपचार होतील का, असा पालकांचा प्रश्न आहे.

काही ठिकाणी होतात, पण ही केंद्रं मुळात प्रशिक्षण, संशोधन आणि कुटुंबांना मार्गदर्शन यांसाठी आहेत. प्रत्येक राज्यात किमान एक असतं. अनेक केंद्रांत बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ मिळून निदान करतात. मात्र प्रतीक्षायादी महिनोन्‌महिने लांबते, आणि पालक नेमके इथेच अडकतात: आधी निदान, मग सेवा, असं धरून बसतात.

तसं नाही. राज्याच्या 'अर्ली इंटरव्हेन्शन'ला (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची सरकारी मदत-सेवा) आजच फोन करा. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, तपासणी मोफत, आणि 45 दिवसांत तपासणी व सेवा ठरवणारी पहिली बैठक व्हायला हवी. तिसऱ्या वाढदिवसापासून जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) जाते. या बदलाची बैठक वाढदिवसाच्या किमान 90 दिवस आधी व्हायला हवी. म्हणजे तुमच्याकडे वेळ थोडाच आहे.

घरी मराठी बोलत असाल तर तसं आधीच सांगा, दुभाषी मागा आणि मूल एखाद-दुसरा मराठी शब्द म्हणत असेल तर तेही लिहून न्या. फक्त इंग्रजीत चाचणी झाली तर गुण उगाचच कमी येतात.