भाषेच्या बाहेर सत्य नसेल, तर ख्रिस्ती धर्मशास्त्राचा पायाच उरत नाही का?

उरतो, असं मला वाटतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा यांचं १९६७ मधलं ‘संहितेबाहेर (म्हणजे मजकुराबाहेर) काही नाही’ हे विधान लोक ‘जगात सत्यच नाही’ असं वाचतात. त्यांचा मुद्दा वेगळा होता: कोणताही अर्थ संदर्भाशिवाय हाती लागत नाही. दुसरे फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ मध्ये महाकथनांवरच्या, म्हणजे सगळ्याचा एकच अर्थ सांगणाऱ्या मोठ्या कथांवरच्या, अविश्वासाची गोष्ट केली, तीही मुख्यतः विवेकाच्या नावाने स्वतःला सिद्ध करू पाहणाऱ्या कथनांबद्दल.

आणि शब्द देवाला पुरे पडत नाहीत, हे चर्चला नवीन नाही. ‘तुला समजला, तर तो देव नव्हे,’ असं ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन पाचव्या शतकातच सांगून गेले.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ जॉर्ज लिंडबेक यांचं १९८४ मधलं विवेचन. त्यांच्या मते धर्मसिद्धांत हे श्रद्धेच्या भाषेचं व्याकरण आहे, म्हणजे ती भाषा कशी वापरावी याचे नियम. त्यांचं उदाहरण अंगावर येतं: ‘ख्रिस्त प्रभू आहे’ अशी आरोळी ठोकत एखादा धर्मयोद्धा समोरच्याचं डोकं फोडतो, तेव्हा त्याच्या तोंडी ते वाक्य खोटं ठरतं. शब्द तेच, पण वापराने सत्य हरवलं. यावर आक्षेपही रास्त आहे: येशू मरणातून खरोखर उठला की नाही, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही. मीही तिथे लिंडबेक यांच्यासोबत पूर्ण जात नाही.

पण योहानाच्या शुभवर्तमानात येशू ‘सत्य मीच आहे’ म्हणतो. तिथे सत्य ही व्यक्ती आहे, आणि व्यक्तीला आपण वाक्यात बंदिस्त करत नाही, तिच्यावर विश्वास ठेवतो.