एच-इंडेक्स चाळीस, म्हणजे पगार किती?

कळव्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी ठाण्यातल्या कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी.ला, विषय लाइफ सायन्सेस. कॉलेजात एका पेशीशास्त्रज्ञ बाईंचं व्याख्यान झालं आणि तेव्हापासून ‘मला रिसर्चच करायचाय’ असा तिनं धोशा लावला आहे. तिनं आईला त्या बाईंचं गुगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवरचं पान दाखवलं. सायटेशन्स सहा हजारांवर, एच-इंडेक्स ४०. आई लिहिते, “हे आकडे चांगले, म्हणजे नक्की काय? यावर पगार ठरतो का? माझे दीर म्हणतात, डीएमएलटी (पॅथॉलॉजी लॅबमधल्या कामाचा डिप्लोमा) कर नाहीतर एमबीए कर, तिशीपर्यंत शिकतच बसलीस तर घराला हातभार कधी लावणार? आमचे हे रबाळ्याला कंपनीत आहेत, पाच-सहा वर्षांत रिटायर होतील. तिला अडवू की जाऊ देऊ?”

ताई, पगाराचं आधी सांगून टाकते. सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाचा पगार वेतनश्रेणीनं ठरतो, एच-इंडेक्स ४० असो की १४. मात्र ती नोकरी मिळताना, बढतीच्या वेळी आणि संशोधनाला पैसे मागताना हे आकडे समितीसमोर असतातच. त्यामुळे अगदीच संबंध नाही असंही नाही.

एच-इंडेक्स ४० याचा अर्थ एवढाच, की त्या बाईंचे ४० शोधनिबंध असे आहेत ज्यांतल्या प्रत्येकाचा उल्लेख इतर निबंधांत निदान ४० वेळा झालाय. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही मोजणी सुचवली. हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. म्हणून पंचावन्नच्या बाईंचे ४० आणि पस्तिशीतल्या नव्या प्राध्यापकाचे १२ शेजारीशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. तुमच्या लेकीचा पीएच.डी. संपताना एक किंवा दोन असेल आणि त्यात लाजण्यासारखं काही नसेल.

सायटेशनचंही, म्हणजे इतरांच्या निबंधांत झालेल्या उल्लेखांचंही, तसंच. शोधनिबंधांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर बसलेला निबंध कुठला असेल? डीएनएच्या रचनेचा नाही. तो आहे १९५१चा, ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याच्या पद्धतीवरचा. त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेलेत. लेकीला विचारा, फोलिन-लॉरी नावानं तिनं प्रॅक्टिकलला बहुतेक केलाही असेल. टेस्ट ट्यूबमध्ये निळा रंग येतो, प्रथिन जितकं जास्त तितका गडद. जगभरच्या लॅबमध्ये रोज लागणारी पद्धत, म्हणून एवढे उल्लेख. ती उपयोगाची आहेच, पण त्यामुळे ती जीवशास्त्रातला सगळ्यात मोठा शोध ठरत नाही.

तिसरा आकडा लवकरच तुमच्या कानावर येईल, इम्पॅक्ट फॅक्टर. तो शास्त्रज्ञाचा नसतोच, जर्नलचा, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा असतो. तिथल्या निबंधांचे सरासरी किती उल्लेख होतात, ते तो सांगतो. योशिनोरी ओसुमी या जपानी पेशीशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. पेशी आपलाच टाकाऊ भाग कसा पचवते, हे त्यांनी यीस्टमध्ये शोधलं. स्वतःची लॅब मिळाली तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. यीस्टच्या पेशीतली जी पिशवी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे, तिच्यात तेव्हा फारसं कुणाला स्वारस्य नव्हतं. या प्रक्रियेला लागणाऱ्या जनुकांचा माग देणारा त्यांचा १९९३चा निबंध ‘फेब्स लेटर्स’ या साध्याशा जर्नलमध्ये आला. २०१६ साली त्यांना एकट्याला नोबेल मिळालं. जर्नलच्या नंबरावरून माणसाची किंमत करू नका, असं सांगणारं जाहीरनामावजा पत्रकही पेशीशास्त्रज्ञांच्याच बैठकीतून, २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत निघालं. आपल्याकडच्या मुलाखतींत हा नंबर अजूनही विचारतात. विचारोत. लेकीला तो माहीत असावा, त्याच्या मागे तिनं धावू नये.

मग त्या पानावर बघायचं काय? हे तुमच्यापेक्षा लेकीच्या कामाचं आहे, तिला वाचायला द्या. यादी सायटेशनच्या क्रमानं दिसते, ती वर्षाच्या क्रमानं लावायची. गेल्या पाच वर्षांतले निबंध उघडायचे आणि लेखकांची नावं बघायची. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी दिसतात का? की मुलांची नावं कायम मधल्या गर्दीत? ती पहिली नावं आज कुठे आहेत, तेही शोधायचं. लॅबच्या वेबसाइटवर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते. कुणी परदेशात पोस्ट-डॉक (पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन), कुणी कंपनीत, कुणी प्राध्यापक, असं दिसलं तर ठीक. सहा-सात वर्षं होऊन कुणाचाच पीएच.डी. पूर्ण झालेला दिसत नसेल, तर एच-इंडेक्स ऐंशी असला तरी मी माझ्या मुलीला त्या लॅबच्या पायरीवर उभी करणार नाही.

अजून एक, जरा नाजूक. पेशीशास्त्राचे निष्कर्ष बरेचदा चित्रांवर उभे असतात. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो, नाहीतर प्रथिनांच्या काळ्या पट्ट्या, ज्यांना लॅबमध्ये ‘ब्लॉट’ म्हणतात. एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत वीस हजारांहून जास्त निबंधांतली चित्रं डोळ्यांनी तपासली. २०१६ साली छापलेला निष्कर्ष असा, की सुमारे ३.८ टक्के निबंधांत तेच चित्र पुन्हा वापरल्यासारखे दोष होते. ‘पबपीअर’ नावाच्या साइटवर अशा शंका जाहीर मांडलेल्या असतात. गाईडचं नाव तिथं एकदा टाकून बघणं म्हणजे संशय घेणं नव्हे. स्थळ बघताना चौकशी करतोच की आपण! आणि ‘चार हजार भरा, आठवड्यात पेपर छापून देतो’ असा मेल आला तर तो सरळ डिलीट करायचा. तसला पेपर पुढे बायोडेटात डाग म्हणून राहतो.

आकड्यांत न मावणारं करिअर कसं असतं हे बघायचं तर कमल रणदिवे यांचं बघा. जन्म १९१७चा, पुण्यातला. त्या डॉक्टर व्हाव्यात अशी वडिलांची इच्छा होती. त्या गेल्या पेशींकडे. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. केली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर सतत वाढत राहणाऱ्या प्रसिद्ध हेला पेशी याच प्रयोगशाळेतल्या. परत येऊन रणदिव्यांनी परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात ऊती-संवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. स्तनाच्या कॅन्सरवर काम केलं, कुष्ठरोगाच्या जंतूंवर केलं, पुढची पिढी घडवली. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. त्याआधी १९७३ साली त्यांनी मैत्रिणी-सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना काढली होती. तिचं मुख्यालय तुमच्यापासून लांब नाही, वाशीत आहे. तिथं नोकरदार बायकांचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. मूल लहान असताना बाईचं संशोधन कुठे अडतं हे स्वतः लॅबमध्ये राबलेल्या बाईला बरोबर कळलं होतं. गुगल स्कॉलरला पाळणाघर मोजता येत नाही. आणि त्या जिथे काम करायच्या ती परळची संस्था २००२ पासून खारघरला आहे. अ‍ॅक्ट्रेक म्हणतात ती हीच, टाटा मेमोरियलची.

आता दिरांचा मुद्दा. त्यांना उडवून लावू नका, हिशोब त्यांचा खरा आहे. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, मग दोन ते पाच वर्षं पोस्ट-डॉक. स्वतःची लॅब मिळाली तर पस्तिशीच्या आसपास, आणि ‘तर’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. पीएच.डी. झालेल्या सगळ्यांना प्राध्यापकी मिळत नाही. बरेचजण कंपन्यांत जातात. जैवऔषधं, लसी, तपासणी किट, पेटंट, वैद्यकीय लेखन, बरीच दारं आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपन्या तुमच्या यजमानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. पण ‘तिशीपर्यंत शिकत बसली’ हे पूर्ण खरं नाही. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी साधारण ४२,०००. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. पैसे कधी दोन-तीन महिने अडकतात, तेव्हा हाताशी थोडी गंगाजळी लागते. त्यातून घर चालणार नाही, पण तिचा भार घरावर पडणार नाही. तुमचे यजमान रिटायर होतील तेव्हा ती याच टप्प्यावर असेल, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. डीएमएलटी वाईट नाही, तिथं नोकरी लवकर लागते. मात्र ती दुसऱ्याच्या नमुन्याचा रिपोर्ट देण्याची नोकरी आहे. लेकीला त्यात रस आहे का, ते दिरांनी तिलाच विचारावं.

माझी खरी शंका वेगळी आहे. व्याख्यान ऐकून प्रेमात पडणं सोपं. पेशी वाढवायचं रोजचं काम तिला झेपेल का? प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये गुलाबी-लालसर मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव असतं, तळाला पेशी चिकटलेल्या. इनक्युबेटर ३७ अंशांवर, आत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी वाढल्या की मीडियम आम्लधर्मी होतं आणि पिवळं पडतं. मग ते बदलायचं, रविवार असो की गौरी-गणपती. एखाद्या सकाळी फ्लास्क उघडायला जावं तर मीडियम गढूळ. बॅक्टेरिया शिरलेत, तीन आठवड्यांचं काम ब्लीचमध्ये ओतायचं. पुन्हा पहिल्यापासून. यात ज्याला राग येतो पण कंटाळा येत नाही, त्यानं या क्षेत्रात जावं.

हे घरी बसून कळत नाही. म्हणून तिला अडवूही नका आणि सात-आठ वर्षांची परवानगीही आज देऊ नका. आधी एका उन्हाळ्याची द्या. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचे अर्ज बरेच महिने आधी निघतात. वेबसाइटवर तारीख बघून ठेवायला सांगा. ते नाही जमलं तर जवळच्या संस्थांत थेट विचारायचं. खारघर ठाण्याहून पनवेल लोकलनं एका गाडीत आहे. त्यानंतर मन पक्कं असेल तर टी.वाय.ला जॅम आणि गॅट-बी या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षा. शिवाय टीआयएफआर-एनसीबीएस या संशोधन संस्थांची जेजीईईबिल्स ही परीक्षा, तिच्यातून बी.एस्सी.नंतरच थेट एम.एस्सी.-पीएच.डी.ला जाता येतं. तयारी तिन्हींची साधारण एकच.

थेट विचारायचं म्हणजे मेल लिहायचा. तो चार ओळींचा असावा. ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ हे वाक्य शास्त्रज्ञ रोज वाचतात आणि पुढे जातात. त्याऐवजी त्यांचा एक अलीकडचा निबंध खरंच वाचायचा, त्यातल्या एखाद्या आकृतीत जे कळलं नाही ते एका वाक्यात विचारायचं, आपण कुठल्या वर्षाला आहोत आणि कुठले दोन महिने मोकळे आहोत ते सांगायचं. व्याख्यानाच्या बाईंनाच पहिला मेल जाऊ दे. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करायची, आणि तरीही नाही आलं तर यादीतल्या पुढच्या लॅबला लिहायचं.