अल्ट्रासाउंड लहरी कोणत्या वस्तूतून जात नाहीत? रोबोटवरच्या दोन सेन्सरच्या मधे लोखंडी पत्रा लावू की थर्माकोल?

काहीही लावा. ४० किलोहर्ट्झच्या सेन्सरला ३ मिमी ॲक्रिलिकसुद्धा पुरतं. हिशेबाने त्यातून ऊर्जेचा दहा लाखांतला जेमतेम एक भाग पलीकडे जातो. पण ‘कोणती वस्तू अडवते’ असं विचारलंत की उत्तर चुकणारच. लहर अडते ती दोन पदार्थांच्या सांध्यावर, आणि सगळ्यात पक्का अडसर हवेचा.

घनता गुणिले ध्वनीचा वेग म्हणजे त्या पदार्थाचा इम्पीडन्स. एसआय एककांत हवेचा सुमारे ४१३, पाण्याचा १४.८ लाख, पोलादाचा ४.६ कोटी. तफावत जेवढी मोठी तेवढी लहर परत फिरते. पाण्यातून पोलादात साधारण १२ टक्के ऊर्जा शिरते. पोलादातून हवेत? लाखात तीन-चार भाग. सोनोग्राफीला जेल लावतात ते यासाठीच, कातडीवरची हवा घालवायला, आणि पाणी पिऊन मूत्राशय भरायला सांगतात तेही वायू भरलेलं आतडं वाटेतून बाजूला सरावं म्हणून.

हे न पटणारी माणसं साइटवर रोज भेटतात. आमच्याकडे मराठवाड्यात गाळप बंद झालं की साखर कारखान्यांत टाक्या आणि पाइपांची जाडी अल्ट्रासाउंडने मोजायचं काम निघतं: प्रोबमधून लहर सोडायची आणि पत्र्याच्या मागच्या बाजूवरून ती परत यायला (तो इको) किती वेळ लागला त्यावरून जाडी काढायची. अशीच एक मळीची टाकी होती, मूळ प्लेट ८ मिमी. ५ मेगाहर्ट्झचा दोन क्रिस्टलचा प्रोब, ४ आणि ८ मिमीच्या ठोकळ्यांवर कॅलिब्रेशन. गंजाचे पोपडे काढून, ग्राइंडरने रंग उडवून, ग्रीस लावून मोजत गेलो. रंग उडवावाच लागतो, कारण साधं मशीन सगळं पोलादच समजून मोजतं आणि ०.३ मिमीचा रंग पाऊण मिमीच्या आसपास जाडी वाढवून दाखवतो. रीडिंग येत होतं ७.६, ७.५, ७.६. तळापासून दुसऱ्या रांगेतल्या प्लेटवर एकदम ३.९.

तिथले सुपरवायझर म्हणाले, “मशीन गंडलंय तुमचं. शेजारचंच रीडिंग टाका.”

तसं टाकता येत नाही. पाच-पाच मिमीवर प्रोब सरकवत खडूने कड आखली. तळहाताएवढा डाग, कडेवर ७.६ वरून थेट ३.९, आणि आत सगळीकडे ३.९, ३.८, ३.९. आतून गंज खाल्लेला असता तर आकडा उतरत गेला असता: ७.४, ६.९, ६.२. शिवाय गंजलेल्या खडबडीत पाठीवरून येणारा इको मऊ आणि डळमळता असतो. इथे तो धारदार, जागचा न हलणारा होता. म्हणजे लॅमिनेशन: प्लेट लाटताना आतली पोकळी दाबली जाऊन मधोमध पसरलेला सपाट पदर.

“एवढं जाड लोखंड पार होतंय अन् केसाएवढ्या फटीनं अडतंय व्हय?”

हो, अडतं. मिमीच्या हजाराव्या भागाएवढी हवा ५ मेगाहर्ट्झला कोटीत एक भागही पलीकडे जाऊ देत नाही. टाकी धुऊन, ब्लोअर लावून, ऑक्सिजन तपासून झाल्यावर त्याच डागावर आतल्या बाजूने मोजलं: ३.६. बाहेरचे ३.९ आणि आतले ३.६ मिळून ७.५. शेजारच्या प्लेटशी तंतोतंत. मशीन बरोबर होतं. ‘शेजारचं रीडिंग’ टाकलं असतं तर पुढच्या वर्षी त्याच जागी वेल्डर पाइपाचं तोंड जोडायला गेला असता आणि जोड अर्ध्या जाडीवर उभा राहिला असता. रिपोर्टमध्ये डागाचं मापासह चित्र काढलं, आणि ते काढायलाच हवं होतं.

ग्रीसवरूनही हाच वाद होतो: “कोरडंच घ्या, माल वाया जातो.” ज्याला पटत नाही त्याच्या हातात प्रोब द्या. ग्रीस न लावता प्लेटवर टेकवला तर आकडा येत नाही. मधे वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवला तरी नाही, कारण तंतूंमध्ये हवा आहे. तोच कागद चिंब भिजवून प्लेटला चिकटवा, वर पाण्याचा थेंब टाका, इको परत उभा राहतो.

आता तुमचा रोबोट. तुमचा त्रास बहुधा मधल्या पडद्याचा नाहीच. एका सेन्सरची लहर समोरच्या भिंतीवर आपटून दुसऱ्याच्या कानात शिरते, तिथे पत्रा काय करणार? दोघांना आळीपाळीने चालवा, मधे ६० मिलिसेकंद सोडा. दोन्ही एकाच ॲल्युमिनियम पट्टीवर स्क्रूने आवळले असतील तर धातूतूनही कंप पोचतो. खाली रबरी वॉशर घाला. हवेत या लहरीची लांबी ८.६ मिमी असल्याने ती पडद्याच्या कडेवरून थोडी वळतेही, म्हणून पडदा सेन्सरच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंमी पुढे काढा आणि उघड्या छिद्रांचा फोम चिकटवा, नाहीतर पडद्यावरूनच परावर्तन येईल.

एक राहिलंच: सगळा दोष हवेचा नसतो. ओतीव लोखंडात ग्राफाइटचे कण लहर विखुरतात. काँक्रीटमध्ये ५ मेगाहर्ट्झची लहर मिमीपेक्षा लहान आणि खडी २० मिमीची, म्हणून ती आतच विरते. तिथे बहुधा ५४ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर वापरतात.