वाचक विचारतात: हवेची कयाक, तिचं पंक्चर आणि वारा

हवा भरायच्या कयाकबद्दल, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीबद्दल, पत्रं साठत साठत गेली म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यावरच. सगळ्यांच्या पत्रात एकच भीती आहे की भोक पडलं तर काय, आणि वाऱ्याबद्दल फक्त एकाने विचारलंय. खरं तर उलट असायला हवं होतं, पण असो, पत्रांच्या क्रमानेच जाऊ.

प्रश्न: सकाळी कयाक नीट भरून किनाऱ्यावर ठेवली, तासाभराने बघतो तर बाजूच्या ट्यूब दगडासारख्या कडक. पाण्यात उतरल्यावर थोड्या वेळात परत ढिल्या. कुठेतरी लीक आहे का?

बहुतेक नाही. हवा तापली की फुगते आणि गार झाली की आक्रसते, एवढंच झालंय. पण आकडा बघा म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते कळेल. 20 अंशात मोजून 2 पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) भरलेली ट्यूब उन्हात तापून आतली हवा 50 अंशांवर गेली तर प्रेशर साडेतीनच्या पुढे जाऊ शकतं. आणि काळ्या किंवा गडद रंगाच्या ट्यूबला 50 गाठायला फार वेळ लागत नाही! ज्या कयाकची मर्यादाच अडीच पीएसआय आहे तिची शिवण अशीच उकलते, आणि मग माणूस म्हणतो की माल खराब निघाला.

उलटं पण तेवढंच खरं. 35 अंशाच्या गरम हवेत 2 भरलं आणि पाणी 20 अंशाचं असलं तर हवा गार होऊन प्रेशर सव्वाच्या आसपास येतं, मग बसल्यावर कयाक मधोमध वाकते, वल्हं मारलं की पुढे जाण्याऐवजी नुसती डुलते. म्हणून किनाऱ्यावर जरा कमी भरायचं, पाच-दहा मिनिटं पाण्यावर ठेवायचं, मग गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावून पूर्ण करायचं. बाहेर काढलीत आणि उन्हातच ठेवायची असेल तर आधी थोडी हवा सोडून द्या, सावली मिळाली तर उत्तमच.

किती भरायचं ते व्हॉल्व्हजवळ छापलेलं असतं, तेच धरायचं. साध्या पीव्हीसी ट्यूबला बहुतेक वेळा 2 ते 3 पीएसआय पुरतं, पण ज्या तळाच्या आत दोन थरांमध्ये हजारो धागे ताणलेले असतात, ज्याला ड्रॉप-स्टिच म्हणतात, तो 6 ते 10 मागतो. दोन्हींना एकच आकडा लावू नका. अंगठ्याने दाबून "झालं बहुतेक" असं म्हणायची सवय सोडा, गेज घ्या. आणि गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर तर लावूच नका, त्याच्या ताकदीला 2 पीएसआय म्हणजे काहीच नाही, काटा कधी पुढे गेला ते कळायच्या आत शिवण बोलते.

लीक आहे का हे बघायचं असेल तर घरात सावलीत भरा, गेज बघा, रात्रभर ठेवा आणि तेवढंच तापमान असताना परत बघा. तेव्हाही उतरलं तर मग शोधायला लागा.

प्रश्न: छोटं भोक पडलं होतं, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणि रबरी पॅच लावला, दुसऱ्या दिवशी अख्खा पॅच सालीसारखा निघून आला.

निघणारच. ते सोल्युशन रबरासाठी असतं, तुमची कयाक पीव्हीसीची आहे. फेविक्विकसारखा झटपट गोंद पण नको, तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि ट्यूब फुगली-दबली की तडकतो. पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद आणि त्याच कापडाचा पॅच. हायपेलॉनची, म्हणजे एका प्रकारच्या रबरी कापडाची, असेल तर तिचा गोंद वेगळा, म्हणून आधी कयाक कशाची आहे ते पत्रकात बघून घ्या.

पण पॅचच्या आधी एक काम. हवा जातेय म्हणजे भोकच पडलंय असं नाही, बऱ्याच वेळा व्हॉल्व्ह दोषी असतो. साबणाचं पाणी व्हॉल्व्हभोवती फासा आणि जवळून बघा. बारीक बुडबुडे कडेने गोल येत असतील तर व्हॉल्व्ह ढिला आहे, त्याच्या चावीने थोडा आवळा. मधल्या पिनेपाशी येत असतील तर आत वाळूचा कण अडकलाय, पिन दोन-तीनदा दाबून हवा सोडा म्हणजे तो उडून जातो. व्हॉल्व्ह निर्दोष असेल तर मग ट्यूबला हात घाला, एका बाजूने सुरुवात करून शिवणीवर जास्त लक्ष द्या. सापडलं की पेनने गोल करून ठेवा, नाहीतर हवा सोडल्यावर ते भोक परत सापडत नाही.

आता पॅच. हवा पूर्ण काढा, कापड सपाट पसरा. पॅच भोकापेक्षा चहूकडून दोन-तीन सेंटीमीटर मोठा घ्या आणि कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकटतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्हीकडचं पुसा, नंतर त्याला बोट लावू नका. गोंदाचा पातळ हात दोन्हीकडे, वाळू द्या, परत दुसरा हात, आणि बोटाला चिकट लागेल पण बोटावर उतरणार नाही एवढा झाला की लावा. चमच्याच्या पाठीने मधून बाहेरच्या दिशेने रेटा, बुडबुडा राहिला तर तिथूनच उद्या सुटेल. वर वजन ठेवून 24 तास विसरून जा. लोक चुकतात ते इथेच, चार तासांत फुगवून बघतात. दमट हवेत किंवा पावसात तर हे काम करूच नका, आणि गोंदाच्या वासाला खिडक्या उघड्या, जवळ आग नको.

प्रश्न: पाण्यात असतानाच भोक पडलं तर बुडणार ना?

साधारण चांगल्या कयाकला दोन बाजू आणि तळ असे वेगळे कप्पे असतात, एक गेला तरी बाकीचे धरून ठेवतात. भोक लहान असेल तर हवा हळूहळू जाते. गडबड न करता जवळच्या किनाऱ्याकडे वळा. टेप लावायचा तर काठावर जाऊन, पुसून, कोरडं करून, ओल्यावर टेप टिकत नाही.

प्रश्न: सकाळी तलाव शांत होता, दुपारी वारा सुटला आणि कितीही वल्हं मारलं तरी परत येता येईना. कयाकमध्ये दोष आहे का?

दोष नाही, स्वभाव आहे. हलकी, उंच आणि पाण्यात न बुडणारी, म्हणजे वाऱ्यासाठी ती शिडाचीच होडी. म्हणून निघताना वारा कुठून येतोय ते बघायचं आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, परत येताना तो ढकलेल. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा सगळ्यात फसवा, कारण काठाला पाणी गुळगुळीत दिसतं आणि लाटा पुढे आत गेल्यावर दिसतात. तळाखालचा फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, लावा, त्याच्याशिवाय कयाक भरकटते.

आणि उलटलात तर पहिल्या क्षणी कयाकला हात घाला. वारा असेल तर ती तुमच्यापेक्षा वेगाने पळते, पोहून गाठता येत नाही. परत चढायचं असेल तर बाजूने, दोन्ही हात पलीकडच्या काठाला, पाय मागे सोडून जोरात मारायचे, आधी पोट वर, मग वळायचं. हे कमरेएवढ्या पाण्यात आधी करून बघा, बघितलं नसेल तर खोल पाण्यात पहिल्यांदाच जमणार नाही. वल्ह्याला दोरी शांत पाण्यात चालते, वाहत्या नदीत अंगाला काहीही बांधू नका, आणि बंधाऱ्याच्या जवळपासही फिरकू नका, खालचा भोवरा माणसाला आणि कयाकला आतच फिरवत ठेवतो.

प्रश्न: कयाक तर तरंगतेच, मग लाइफ जॅकेट कशाला?

कारण वर सांगितलं ते, कयाक तुम्हाला सोडून जाते. शिवाय गार पाण्यात पडलं की आपोआप धाप लागते, त्या एका क्षणात तोंड पाण्याखाली असलं की खेळ संपला, पोहणाऱ्याचाही. जॅकेट अंगात घालून बक्कल लावलेलं हवं, सीटमागे ठेवलेलं नव्हे.

प्रश्न: घडी घालून ठेवली होती, उघडली तर काळे डाग आणि वास.

ओली ठेवलीत. साध्या साबणाने मऊ ब्रशने घासा, धुवा, ब्लीचच्या भानगडीत पडू नका. खारं पाणी असेल तर दर वेळी गोड्या पाण्याने आतून बाहेरून. घडीच्या फटींमध्ये, सीटच्या कापडाखाली, व्हॉल्व्हच्या टोपणात पाणी राहतं, तिथे फडकं फिरवा. सैल गुंडाळा, आणि घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी पाडा म्हणजे कापड एकाच रेषेवर झिजत नाही. उंदरांना पीव्हीसी आवडतं, झाकणाचा डबा बघा.

प्रश्न: तळाला मध्येच फुगा आलाय, दाबला तरी बसत नाही.

तळाला आतून सपाट धरून ठेवणारे धागे किंवा पडदा सुटलाय. बाहेरून पॅच लावून काही होणार नाही, घरी होणारं काम नाही हे. पूर्ण प्रेशर भरू नका, वॉरंटी असेल तर फोटो काढून पाठवा, नसेल तर दुसरा तळ मिळतो का विचारा, तोपर्यंत ती पाण्यात नेऊ नका.