फ्लॅट मुलाच्या नावावर करण्याआधी

ताई, ऑटिझम असलेल्या मुलाच्या नावावर फ्लॅट करावा का, असं विचारलंत. मुलगा १७ वर्षांचा आहे म्हणालात, म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. १८ पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान. मग तुम्ही आई असलात तरी त्याच्या वतीने तुमची सही चालेलच असं नाही. ऑटिझम असल्यामुळे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा (म्हणजे सज्ञान झाल्यावरही कायद्याने त्याचे पालक राहण्याचा) अर्ज करता येईल. कागद आतापासून जमवा.

फ्लॅट थेट त्याच्या नावावर मात्र नको. आमची लेकही अशीच विशेष. आम्ही तिच्या नावावर एफडी केली होती. मोडायला गेलो तर काउंटरवरचे म्हणाले, "त्यांनाच सही करू दे." तिने फॉर्मवर छान फूल काढून दिलं! पुढे चार महिने खेटे.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा आणि त्यातच त्याचा वाटा खाजगी ट्रस्टकडे, म्हणजे त्याच्यासाठी मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तांकडे, जाईल असं लिहा. ट्रस्टमधून त्याचा खर्च भागेल, मालमत्ता कोणी त्याच्याकडून लिहून घेऊ शकणार नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात; घरचे नकोत. नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.

"धाकटी बहीण बघेलच की" हे मीही म्हणायचे. तिला एकदा समोर बसवून विचारा. विश्वस्त ती असली तरी जोडीला बाहेरचा एक हवाच.

आणि एक साधी वही करा: गोळ्या कोणत्या, कुकरच्या शिट्टीला तो घाबरतो, वरण-भात कालवलेलाच लागतो. हे वकील लिहून देणार नाही.